जोर येतो कुठून?

जर्मनीतल्या जुन्या चर्चमध्ये किंवा संग्रहालयात पाचशे वर्षांपूर्वीच्या लाकडी मूर्ती जवळून पाहण्याचा योग आला, तर संतांच्या टाळूकडे मुद्दाम बघावं. केसांच्या बटांमध्ये भोक बुजवल्याची गोल खूण पुष्कळ मूर्तींवर सापडते. पाहणाऱ्याला वाटतं, कीड लागली असेल, नंतर कोणीतरी डागडुजी केली असेल. पण ते भोक मूर्तीच्या जन्मापासूनचं आहे. मूर्ती घडत असताना तिला ज्या लोखंडी टोकावर अडकवलं होतं, त्याची ती जागा. काम संपल्यावर कारागिराने लाकडाचा गट्टू ठोकून ती बंद केली आणि बऱ्याचदा वरून रंग चढवला.

वुर्झबर्गला तिल्मान रीमेनश्नायडर (सुमारे १४६० ते १५३१) या मूर्तिकाराचा मोठा कारखाना होता. रोथेनबुर्गच्या चर्चमधली ‘पवित्र रक्ता’ची प्रसिद्ध वेदी त्याने १५०१ ते १५०५ या काळात घडवली. त्या भागातले मूर्तिकार लिंडेनच्या लाकडात काम करत. मऊ, एकसारख्या पोताचं हे लाकूड बारीक कोरीवकाम झेलतं. वाळताना ओंडका तडकू नये म्हणून तो मागून पोखरून घ्यायचा आणि पुढून कोरायचा, अशी पद्धत होती. आता अडचण बघा. माणसाएवढा ओंडका उभा ठेवून त्यावर पटाशी चालवली, तर तो हलणार, सरकणार, एखाद्या वेळी कोसळणारही. म्हणून तो आडवा निजवत. भक्कम चौकटीच्या दोन टोकांना दोन खांब, एका खांबातलं टोक मूर्तीच्या डोक्यात, दुसऱ्यातलं पायाखाली. मूर्ती हवी तशी कुशीवर वळवायची आणि हवा तो कोन साधला की पक्की करायची. कारागीर वरून खाली घाव घालतो, त्याचं वजन त्याच्या कामी येतं आणि अख्खा देह पटाशीला मोकळा राहतो.

लाकूडकामावरच्या पुस्तकांत रंधा, करवत, पटाशी यांना पानंच्या पानं मिळतात आणि लाकूड धरून ठेवणाऱ्या साधनांची एका परिच्छेदात बोळवण होते. मला हे मुळीच पटत नाही. पटाशीला वस्तऱ्यासारखी धार असली, तरी तिच्याखालचं लाकूड नखभर सरकलं की घाव चुकतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या हातावर येतो. नवशिक्यांच्या तळहातावरचे पटाशीचे व्रण बघा. त्यातले बरेचसे एका हाताने लाकूड धरून दुसऱ्या हाताने कोरल्याचे असतात.

धरणं म्हणजे घट्ट आवळणं, अशी आपली समजूत असते. मुरलेला सुतार मात्र आधी विचारतो, जोर येतो कुठून? रंधा पुढे ढकलतो, करवत पुढे-मागे जाते, मोगरीचा घाव खाली दाबतो. ज्या दिशेने जोर येतो तेवढी वाट अडवायची आणि बाकी सगळ्या बाजू मोकळ्या ठेवायच्या. जगभरच्या सुतारांनी बनवलेले बाक, खुंट्या, आकडे, व्हाइस (स्क्रूने जबडे आवळणारं साधन) ही सगळी या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत.

सर्वांत साधं उत्तर म्हणजे अडसर. फळीला रंधा मारताना जोर जवळजवळ सगळा पुढे जातो, थोडा खाली. खालचा जोर बाक झेलतो. पुढचा जोर अडवायला फळीच्या टोकाशी एक ठोकळा असला की झालं. आपल्याकडचा सुतार पाटावर पट्टी ठोकून किंवा दोन खिळे अर्धवट मारून हेच करतो. फळी उचलायची, डोळ्याच्या रेषेत धरून वाकली आहे का बघायची, उलटवायची, पुन्हा टेकवायची. मध्ये एकही स्क्रू सोडावा-आवळावा लागत नाही. दिवसभरात शंभर वेळा फळी उलटणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

या अडसराला शास्त्राचा मान दिला तो पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रुबो या सुताराने. रुबो १७३९ साली जन्मला. घरात सुतारकीच होती. हातात रंधा घेऊनच तो वाढला, पण भूमिती आणि चित्रकलाही शिकला. फ्रेंच विज्ञान अकादमीने निरनिराळ्या धंद्यांची वर्णनं प्रसिद्ध करण्याचा मोठा उपक्रम चालवला होता. त्यात सुतारकामावरचा त्याचा ग्रंथ १७६९ पासून पुढच्या काही वर्षांत भागाभागाने निघाला. त्यातले साडेतीनशेहून अधिक चित्रफलक बहुतांशी त्याने स्वतः काढलेले आहेत. पुढे पॅरिसच्या धान्यबाजारावरचा प्रचंड लाकडी घुमट उभारण्यातही त्याचा हात होता. कामगाराने स्वतःच्या कामाबद्दल लिहिलं, स्वतः चित्रं काढली आणि ते विद्वानांच्या संस्थेने छापलं, अशी उदाहरणं त्या काळात फार थोडी. आपल्या बलुतेदारांच्या हातातलं ज्ञान असं कागदावर उतरलं असतं, तर किती बरं झालं असतं, असं हे फलक पाहताना वाटत राहतं.

रुबोने काढलेला बाक दिसायला अगदी साधा आहे. एल्म किंवा बीच लाकडाची पाच-सहा इंच जाडीची एकसंध फळी आणि चार दणकट पाय. पायांची कुसं थेट फळीच्या आरपार येऊन वर दिसतात. पाय फळीच्या कडेशी अगदी एका पातळीत आहेत, आत सरकवलेले नाहीत. हा तपशील किरकोळ वाटतो, पण त्यात फार शहाणपण आहे. दरवाजाची लांब फळी उभी धरून तिच्या कडेला रंधा मारायचा असेल, तर बाकाची कड आणि पाय मिळून एक सपाट भिंत तयार होते. फळी त्या भिंतीला टेकवायची, वरच्या बाजूला एका आकड्यात तिचं टोक अडकवायचं आणि खाली पायातल्या भोकात खुंटी घालून तिच्यावर फळी ठेवायची. वरच्या पृष्ठभागावर एक चौकोनी ठोकळा बसवलेला असतो, त्याच्या तोंडाला दातेरी लोखंड. मोगरीने खालून ठोकला की वर येतो, वरून ठोकला की खाली जातो. पातळ फळीसाठी थोडा वर, जाड फळीसाठी जास्त वर. बाकाला जोडलेला हलता असा भाग हा एवढाच.

बाक जड हवा, हेही रुबोकडून शिकावं. रंध्याचा जोर बाकच खाऊ लागला आणि प्रत्येक खेपेला डुगडुगू लागला, तर सुताराचे निम्मे कष्ट वाया जातात.

रुबोच्या बाकावर आणखी एक गोष्ट दिसते. जाड लोखंडी सळई वरून वाकवून तिच्या टोकाला चपटा पंजा केलेला, आणि बाकाच्या भोकात ती नुसती सोडलेली. इंग्रजीतून आलेलं ‘होल्डफास्ट’ हे नाव आता आपल्याकडच्या हौशी सुतारांतही चालतं. हे साधन दोन हजार वर्षं तरी जुनं आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरात एक भित्तिचित्र सापडलं. त्यात पंखवाली बाळं सुतारकाम करताना दाखवली आहेत आणि त्यांच्या बाकावर असाच आकडा दिसतो.

होल्डफास्टचं काम जवळून बघण्यासारखं असतं. दांडा भोकात सैल असतो, दोन बोटांनी उचलता येतो. पंजाखाली लाकूड सरकवायचं आणि वाकणावर मोगरीचा एक घाव घालायचा. ठण्ण असा आवाज होतो, आणि लाकूड बाकाला चिकटल्यासारखं होतं. घडतं ते असं. पंजा लाकडावर दाबला जातो, त्याची प्रतिक्रिया म्हणून दांडा भोकात किंचित कलतो. वरच्या कडेला तो एका बाजूने रुततो, खालच्या कडेला समोरच्या बाजूने. लाकूड जितकं वर ढकलायला बघेल, तितका दांडा अधिक तिरपा होऊन अधिक रुततो. आटे नाहीत, स्प्रिंग नाही, नट नाही. सोडवायचा असेल तर दांड्याच्या पाठीवर, वाकणाच्या खाली, एक टोला द्यायचा की सुटला. पटाशीने कूस बसवायची खाच मारताना, नक्षीची पट्टी कोरताना, करवत चालवताना हेच साधन वापरावं. जोर वरून खाली येतो आणि पकडही वरून खाली दाबते. भोक ढिलं झालं, बाकाची फळी फार पातळ असली किंवा दांडा आरशासारखा गुळगुळीत असला, तर मात्र तो घसरतो. दांडा पॉलिश पेपरने आडवा घासून खरबरीत केला की बहुतेक वेळा काम भागतं.

आता स्क्रूकडे वळू. स्क्रूचं सामर्थ्य पाहायचं तर थोडा हिशेब करावा लागतो. व्हाइसची मूठ मध्यापासून १५ सेंटिमीटर लांब धरा. एक फेरा म्हणजे हात साधारण ९४ सेंटिमीटर फिरतो. आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर असेल, तर तेवढ्या फेऱ्यात जबडा फक्त ६ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे कागदावर जोर दीडशे पटींहून अधिक वाढतो. प्रत्यक्षात यातला तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त घर्षणात जातो. तरी मुठीवर १० किलोचा जोर लावला, तर जबड्यावर तीन-चारशे किलोपर्यंतचा दाब येऊ शकतो. आणि जे घर्षण जोर खातं, तेच व्हाइसला आपोआप ढिला होऊ देत नाही. मूठ सोडून दिली तरी पकड राहते, ती या घर्षणामुळे.

सुतारांनी या स्क्रूचा जो सर्वांत देखणा उपयोग केला, तो पायाच्या व्हाइसमध्ये. बाकाच्या पुढच्या पायाला समांतर अशी एक जाड उभी फळी असते, हा जबडा. स्क्रू तिच्या मधून पायात जातो. तळाशी जबड्याला एक आडवी पट्टी बसवलेली असते, तीत भोकांची रांग. लाकूड दोन इंच जाड असेल, तर पट्टीतही साधारण दोन इंचांवरच्या भोकात खिळा घालायचा. स्क्रू आवळला की तळाचा खिळा टेकू होतो आणि जबड्याचं वरचं टोक लाकडावर मिटतं. खिळा स्क्रूच्या ६० सेंटिमीटर खाली आणि लाकूड २० सेंटिमीटर वर असेल, तर स्क्रूच्या जोराचा तीन-चतुर्थांश लाकडापर्यंत पोहोचतो. एवढा पुरेसा असतो. बदल्यात लाकूड बाकाच्या कडेशी भिडतं, आणि स्क्रूच्या बाजूने फळी थेट जमिनीपर्यंत खाली सोडता येते. खिळा चुकीच्या भोकात गेला, तर जबडा तिरका होतो आणि फक्त कडेवर नखभर पकड उरते. वाकून खिळा बदलायचा कंटाळा येतो, हे या व्हाइसचं एकमेव खरं गाऱ्हाणं.

तिरका होण्याची व्याधी लोखंडी व्हाइसलाही असते. रुंद जबड्याच्या एकाच टोकाला लाकूड धरलं, की दुसरं टोक आत वळतं आणि दाब एका कोपऱ्यावर जातो. उपाय सोपा आहे. दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा घालायचा. पण लाकडाच्या रुंद फळीच्या टोकाला डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा) सांधा कापायचा असेल, तर फळी मधोमध धरावी लागते आणि तिथे नेमका स्क्रू आडवा येतो. यावरची युक्ती जोसेफ मॉक्सन या लंडनच्या मुद्रक-लेखकाच्या पुस्तकात दिसते. १६७८ पासून तो निरनिराळ्या धंद्यांची माहिती भागाभागाने छापत होता. त्यातल्या सुतारी बाकाच्या चित्रात दोन स्क्रूंचा व्हाइस आहे. दोन स्क्रू, मध्ये मोकळी जागा, त्यात फळी. दोन्ही बाजू सारख्या आवळल्या की जबडा तिरका होतच नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकी लेखक ख्रिस्तोफर श्वार्झ यांनी ही जुनी रचना पुन्हा लोकांपुढे आणली. हा दोन स्क्रूंचा व्हाइस सुटा बनवून बाकावर ठेवतात आणि होल्डफास्टने पक्का करतात, त्यामुळे काम पोटाच्या उंचीवरून छातीच्या उंचीवर येतं. डव्हटेलची बारीक रेघ डोळ्यांजवळ येणं हा त्याचा मोठाच फायदा आहे. घरी स्वतः बनवायचा पहिला व्हाइस कोणता, असं कोणी विचारलं तर मी याचंच नाव घेईन.

जर्मनी आणि उत्तर युरोपात बाकाच्या टोकाला व्हाइस लावण्याची पद्धत रुळली. न्यूरेंबर्गच्या मार्टिन लोफेलहोल्त्स याच्या १५०५ सालच्या सचित्र हस्तलिखितातच असा बाक दिसतो. बाकाच्या पुढच्या कडेला भोकांची रांग, त्यांत एक खुंटी, दुसरी खुंटी टोकाच्या व्हाइसमध्ये. दोन खुंट्यांच्या चिमटीत फळी आडवी धरली जाते आणि वर काहीच येत नाही, त्यामुळे रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत अडथळ्याविना जातो. पातळ फळी मात्र इथे फार आवळली की मधून वर फुगते. मग रंध्याने तो फुगवटा तासला जातो, आणि खुंट्या सोडल्यावर फळीच्या मधे खळगा निघतो. आवळण्याचा अतिरेक कसा भोवतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ज्यांनी इंजिनिअरिंग डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला कार्पेंट्री शॉपमध्ये सागाचा टी-जॉइंट बनवला आहे, त्यांना लोखंडी सुतारी व्हाइस आठवत असेल. फिटिंग शॉपमधल्या व्हाइसशी त्याची गल्लत करू नये. फिटरच्या व्हाइसचे जबडे कणखर, दातेरी आणि बाकाच्या बरेच वर असतात, लाकूड त्यात धरलं की दातांचे ठसे उमटतात. सुताराच्या व्हाइसचे जबडे बाकाच्या पातळीला किंवा त्याखाली, रुंद, आतून लाकडी पट्ट्या लावलेले. काहींना मुठीजवळ एक कळ असते. ती दाबली की आत असलेला अर्धा नट स्क्रूपासून सुटतो आणि जबडा एका ओढीत पुढे-मागे सरकतो. जबड्याला चामडं किंवा कॉर्क चिकटवलं, तर कमी दाबात तेवढीच पकड मिळते आणि लाकडाला इजा होत नाही. चामड्याचा स्वस्त तुकडा महागड्या व्हाइसला असा सुधारतो.

कोरीवकामाला यातलं बरंचसं अपुरं पडतं. सपाट फळीला दोन बाजू असतात. मूर्तीला अगणित. पटाशी एकदा डावीकडून येते, एकदा खालून, एकदा लाकडाच्या रेषेच्या उलट फिरून पुन्हा. त्यामुळे कोरणाऱ्याला लाकूड धरून ठेवण्याबरोबरच ते वारंवार फिरवायचंही असतं, आणि पकडीचा कोणताही भाग पटाशीच्या आड येऊन चालत नाही.

यावर जुन्या युरोपी कारागिरांनी शोधलेला एक स्क्रू मला फार आवडतो. एका बाजूला लाकडात शिरणारे अणकुचीदार आटे, उरलेल्या दांड्यावर सरळ आटे, आणि दुसरं टोक चौकोनी. सोबत दोन कानांचा नट, कानात चौकोनी भोक. आधी नटाचं हे भोक स्क्रूच्या चौकोनी टोकावर बसवायचं. नट झाला पाना. त्याने स्क्रू ठोकळ्याच्या तळात पिळून घालायचा. मग ठोकळ्यासकट स्क्रू बाकाच्या भोकातून खाली सोडायचा आणि खालून तोच नट चढवून आवळायचा. तळ सोडून पाचही बाजू मोकळ्या. नट अर्धा फेरा ढिला केला की ठोकळा फिरवून पुन्हा पक्का करता येतो. पकड आणि पाना एकाच तुकड्यात बसवणाऱ्या त्या अनामिक कारागिराला दाद द्यावी तेवढी थोडी.

काही कोरक लाकडाचे उंच, चामडं लावलेले जबडे बाकाला लावतात. काही जण बेसबॉलएवढ्या लोखंडी गोळ्यावर बसवलेला व्हाइस वापरतात. गोळा खाचेत सैल केला की काम हव्या त्या दिशेला कलतं आणि आवळला की तिथेच थांबतं. पातळ, जाळीदार नक्षी मात्र कशातच आवळता येत नाही, आवळली की मोडते. तिच्यासाठी जुनी रीत वेगळी. नक्षीचं लाकूड जाड फळीवर सरसाने चिकटवायचं, पण मध्ये कागद घालायचा. कोरून झालं की पातळ सुरीने कागदाचा थर चिरायचा, नक्षी सुटी होते. अर्धवट घडलेली, सगळीकडून उंचसखल झालेली वस्तू वाळू किंवा भुसा भरलेल्या पिशवीत टेकवून ठेवायची. तिथे पकडही नाही, फक्त आधार आहे. आणि शेवटच्या बारीक कामाला आधारच हवा असतो.

गुंतागुंतीचे लाकडी नमुने घडवणाऱ्या आणखी एका वर्गाची गरज लोखंडी व्हाइसला सर्वांत पुढे घेऊन गेली. ओतकामाच्या कारखान्यात धातू ओतायच्या आधी वाळूत साचा करायला लाकडाचा नमुना लागतो. कोल्हापूरच्या फाउंड्रींमध्ये याला सरळ ‘पॅटर्न’ म्हणतात. पॅटर्नमध्ये गोलाई, निमुळती कड, पोकळी, सगळंच एका तुकड्यात असतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरो इथल्या जोसेफ एमर्ट याने १८९१ साली अशा कामासाठी व्हाइसचं पेटंट घेतलं. जबडे सुमारे १८ इंच रुंद. अख्खा व्हाइस पूर्ण वर्तुळात फिरतो, वर उलटून बाकाच्या पातळीत आडवा होतो, आणि पुढचा जबडा तिरका वळून निमुळतं लाकूडही नीट धरतो. कामाची कुठलीही बाजू वर आणता येते. एकाच यंत्रात इतक्या हालचाली भरणं हे मोठंच यश होतं. मात्र वजन आणि किंमतही तशीच, त्यामुळे साध्या सुताराच्या घरी तो फारसा पोहोचला नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांतलं एक साधन आहे. हाय विकमच्या आसपासच्या जंगलात खुर्च्यांचे पाय बनवणारे कारागीर लाकडाच्या घोडीवर बसून काम करत. घोडीच्या पुढच्या भागात पायाने ढकलायचा एक झुलता दांडा, त्याच्या वरच्या टोकाला आडवा ठोकळा. पाय पुढे ढकलला की ठोकळा लाकडावर दाबला जातो. हातात दोन मुठींची लांब सुरी. ती कारागीर स्वतःकडे ओढतो. ओढताना अंग आपोआप मागे रेलतं आणि पाय पुढे ताणतो, त्यामुळे सुरीला जितका जोर लागेल तितकीच पकड घट्ट होते. पाय ढिला केला की लाकूड मोकळं, चटकन फिरवून पुढची कड वर. हत्याराचा जोरच पकडीला कामाला लावणारी ही रचना माझ्या मते सगळ्यांत हुशार आहे.

पाय धरतात आणि हात घडवतात, हे आपल्या सुताराला सांगायची गरज नाही. मांडी घालून किंवा उकिडवं बसून, लाकडाचं एक टोक पायाच्या तळव्यांत दाबून वाकस, पटाशी चालवणं ही आपल्याकडची जुनी रीत. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात विळी हेच करते. पाट पायाखाली दाबून धरायचा, की दोन्ही हात भाजीला मोकळे. जपानमधला सुतारही जमिनीजवळच काम करत आला. तिरक्या ठेवलेल्या जाड तुळईवर फळी टेकवायची, टोकाशी छोटा अडसर ठेवायचा आणि रंधा स्वतःकडे ओढायचा. तिथली करवतही ओढताना कापते. जोराची दिशा बदलली की धरण्याची तऱ्हाही बदलते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

पायाने धरण्याची हीच रीत वाद्यकामातही दिसते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांना भोपळा आणि तुनाच्या लाकडाची दांडी एकाच वाद्यात जोडायची असते. वाळलेला भोपळा व्हाइसच्या जबड्यात धरला, तर तो फुटेल. त्याला मांडी, पाय, गुडघा यांचाच आधार लागतो. ही पकड क्षणोक्षणी बदलते आणि कारागिराला कानाने, स्पर्शाने कामाचा अंदाज देत राहते. जमिनीवरचं काम म्हणजे मागासलेपण, असं मानणाऱ्यांनी अशा कारखान्यात तासभर बसून पाहावं. याचा अर्थ जमिनीवर बसूनच सगळं करावं असाही नाही. आठ फुटी सागाच्या फळीला तासभर रंधा मारायचा, तर उभं राहून, पायावर वजन घेऊन मारलेला बरा. गुडघे आणि कंबर यांचं आयुष्य वाढतं.

गेल्या शतकात पाय पुन्हा व्हाइसच्या कामी आला. रॉन हिकमन हा दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला, इंग्लंडमध्ये लोटस मोटारींचा रचनाकार. ‘लोटस एलान’ ही गाडी त्याच्या हाताखालून गेली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला घरी कपाट बनवताना त्याने चांगल्या खुर्चीवर लाकूड ठेवून करवत चालवली आणि खुर्चीच कापली गेली. मग त्याने घडीचा बाक बनवला. वरच्या दोन फळ्याच व्हाइसचे जबडे, दोन स्वतंत्र स्क्रूंवर, म्हणजे निमुळतं लाकूडही धरता येतं. खाली एक पायरी, तिच्यावर पाय ठेवला की माणसाचं वजन बाक जमिनीला दाबून धरतं. हलका बाकही त्यामुळे डुगडुगत नाही. हत्यारं बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आधी त्याला नकार दिला, हे फारसं खपणार नाही असं सांगून. अखेर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक अँड डेकरने ‘वर्कमेट’ नावाने तो बाजारात आणला आणि तो जगभर लाखोंनी खपला.

बाकाच्या उंचीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण परदेशी नकाशे बघून बनवलेले बाक आपल्याकडे बहुतेक वेळा उंच होतात. सरळ उभं राहून हात खाली सोडावा, करंगळीच्या बुडाच्या सांध्यापर्यंतची उंची रंध्याच्या बाकाला योग्य. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ती ७० ते ७५ सेंटिमीटर येते. कोरीवकामाला मात्र कोपराच्या जवळपास, म्हणजे ९५ ते १०० सेंटिमीटर हवी, नाहीतर दिवसाच्या शेवटी मान मोडून येते. एकाच बाकावर दोन्ही कामं करायची तर बाक रंध्याच्या उंचीचा ठेवावा आणि कोरायला वर एक छोटा, होल्डफास्टने पक्का केलेला चौरंग ठेवावा.

सुरुवात करणाऱ्याने व्हाइसच्या दुकानात धाव घेऊ नये. टिंबर मार्केटमध्ये जुन्या वाड्यांचे सागवानी वासे मिळतात, पुण्यात तर भवानी पेठेतच बघता येतील. त्यातले दोन-तीन चिकटवून तीन-चार इंच जाड फळी करा, पाय जाड आणि कडेशी एका पातळीत ठेवा. पुढे एक उतरता-चढता अडसर बसवा. लोहाराकडून २० मिलिमीटरच्या साध्या गोल सळईचे दोन होल्डफास्ट वाकवून, टोकाला पंजा चपटा करून घ्या. भोकं त्याहून एक-दीड मिलिमीटर मोठी पाडा, आधी दोनच, पुढे कामाला लागतील तशी. या बाकावर एक खुर्ची किंवा एक पेटी पूर्ण करा. तेवढ्यात तुम्हाला कुठल्या कामात लाकूड निसटतं हे कळलेलं असेल, आणि मग विकत घेतलेला व्हाइस त्या कामाला नेमका उपयोगी पडेल.